टीव्हीतला उजवा हात

सकाळची दहाची वेळ होती. मी स्टुडिओच्या आतल्या खोलीत एका लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग करत बसलो होतो. नवरानवरी हार घेऊन समोरासमोर उभी, आणि तेवढ्यात फोन वाजला. मल्लाप्पाची भाची बोलत होती, सुनंदा. पेठ वडगावात दिलीय तिला. म्हणाली, "काका, मामा वारला वो. पहाटेच कधीतरी... घरमालकांनी दार ढकलून बघितलं तर झोपेतच." मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि नवरीच्या हातातला हार नवऱ्याच्या गळ्यात पडेपर्यंत काम केलं. मग उठलो. असं का केलं, ते मला आजही सांगता येत नाही. पाय उचलत नव्हता, एवढं मात्र खरं.

मल्लाप्पाची खोली आमच्या शिवाजी पेठेतच, तालमीच्या मागच्या बोळात. माझ्या स्टुडिओपासून चालत सात-आठ मिनिटं. आणि त्या खोलीत मी नऊ महिने पाऊल टाकलं नव्हतं. दुपारी त्याच्या गावाकडं, शिरोळच्या पुढं त्यांच्या समाजाच्या जागेत त्याला नेलं. त्यांच्यात बसवून पुरतात. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, कपाळाला भस्म लावलं. उजवी बाही रिकामी लोंबत होती, ती अक्कानं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, नीट दुमडून कमरेत खोचली. मला तिच्याकडं बघवेना. सहा आठवडे झाले या गोष्टीला. लिहीन लिहीन म्हणत होतो, पण काय लिहायचं तेच कळत नव्हतं. आता कळलंय, आणि कळलं म्हणून जास्तच एकटं वाटतंय.

मल्लाप्पा गुळव्या होता. गुऱ्हाळावर घाणा चालवणारा वेगळा, जाळ घालणारा वेगळा. पण काहिलीतला, म्हणजे त्या मोठ्या कढईतला, पाक कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस एकच, तो गुळव्या. अर्ध्या मिनिटाची चूक झाली की सगळी काहील वाया. नव्वदीच्या सुरुवातीला एका व्यापाऱ्याच्या कॅलेंडरसाठी फोटो काढायला मी त्याच्या गुऱ्हाळावर गेलतो. हा काहिलीच्या कडेला उकिडवा बसलेला, शेजारी गार पाण्याची परात. उजवा हात पाण्यात बुडवायचा, तसाच उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा, परत पाण्यात, आणि बोटांत फिरवून गोळी करायची. गोळी परातीच्या काठावर टाकली की टणकन वाजली पाहिजे. मी नेमका त्याच वेळी फ्लॅश मारला. हा ओरडला, "ओ पावणं! त्यो इजेचा खेळ बंद करा, न्हायतर तुमास्नीच काहिलीत घालीन." मीही कमी नव्हतो, चार शब्द सुनावले. तासाभरानं त्यानंच द्रोणातून गरम काकवी आणून दिली. त्या दिवसापासून आमची दोस्ती. दरवर्षी हंगाम लागला की मी स्कूटरवरून तिकडं जायचो, आणि पेठेत आला की तो माझ्या दुकानात बसायचा. बायको त्याची लवकर वारली, मूलबाळ नाही. गुऱ्हाळ हाच संसार.

त्याचा हात गेला तो हंगामातल्याच एका थंडीच्या सकाळी. घाण्यात ऊस घालणारा गडी आला नव्हता. दुसरा कुणी बसेना म्हणून हा बसला. अंगात स्वेटर. बाहीचं सुटलेलं टोक उसाबरोबर आत गेलं... पुढचं सांगत नाही. कोपराच्या खाली काढावा लागला. मी दवाखान्यात गेलो तर मला म्हणतो, "बाळू, पाक उतरला का रं?" आजूबाजूचे रडायला लागले. हा कोरडा.

खरा ताप पुढं सुरू झाला. जखम भरली, टाके निघाले, आणि नसलेला हात दुखायला लागला. आधी कुणाचा विश्वास बसेना. माझाही नाही. तो सांगायचा, "मूठ वळल्यागत झालीया. नखं तळव्यात रुतत्यात. कुणीतरी उघडा रं ती." आणि समोर बघावं तर कोपराखाली काही नाही. घामानं भिजायचा, भिंतीवर डोकं टेकून बसायचा. अक्का त्याला नृसिंहवाडीला घेऊन गेली, तिथं अकरा दिवस ठेवलं. मग तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काढलेला हात पुरला कुणी? पुरताना मूठ सरळ केली न्हवती का?" मी चिडलो तिच्यावर. पण त्या आठवड्यात एकदा माझ्याही मनात तेच येऊन गेलं.

गुऱ्हाळ सुटलं. तो कोल्हापुरात आला, खोली घेतली, आणि मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, बघून प्रत सांगायचं काम धरलं. जिभेवर ठेवून सांगायचा, यात पाक कच्चा उतरलाय, यात जाळ जास्त झालाय. व्यापारी मान द्यायचे. पण चारला यार्ड बंद झाला की खोली, ती भिंत आणि ती मूठ. गोळ्या खाऊन खाऊन पोट बिघडलं, मुठीला फरक नाही.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग आमच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई भेटल्या. तरुण, पुण्यात शिकून आलेल्या, व्यायामाचे उपचार करणाऱ्या. त्यांनी पहिल्यांदा त्याला खोटं ठरवलं नाही. म्हणाल्या, "हात गेला, पण मेंदूतली त्याची जागा गेली नाही. मेंदू हुकूम सोडतोय, मूठ उघड. तिकडून उत्तर येत नाही, म्हणून तो ओरडत सुटलाय. डोळ्यांनी एकदा मूठ उघडलेली बघितली की मेंदूची समजूत पटेल." त्यांनी सुताराकडून एक पेटी करून घेतली होती, मधोमध उभा आरसा. डावा हात आरशापुढं धरायचा, आरशात तो उजवा दिसतो. मल्लाप्पानं आठ दिवस केलं आणि पेटी परत नेऊन ठेवली. म्हणाला, "बाई, आरसा म्हटलं की आरसाच दिसतोय. हात न्हाय दिसत."

बाई हसल्या. म्हणाल्या, परदेशात आता डोळ्यांवर चष्म्यासारखं यंत्र चढवतात, त्यात कॉम्प्युटर नसलेला हात काढून दाखवतो, माणसाला तो आपलाच वाटतो. आपल्याकडं यायला वीस वर्षं लागतील. मी शेजारीच बसलो होतो. माझा स्वभाव असा की कुणी जमणार नाही म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. म्हटलं, "वीस वर्षं कशाला? माझ्या मिक्सिंगच्या मशीनवर मिरर इफेक्ट हाय की!" ज्यांनी लग्नाच्या कॅसेटी बघितल्यात त्यांना ठाऊक असेल. पडद्याच्या मधून रेघ मारल्यासारखी, अर्ध्या चित्राचं उलटं अर्धं पलीकडं. एका नवरीच्या दोन नवऱ्या. बाईंना मी दुकानात आणून दाखवलं. त्या खुर्चीवरून उठूनच उभ्या राहिल्या.

मग आम्ही मांडणी केली. कॅमेरा वर उलटा टांगला, खाली टेबल. टीव्ही टेबलावरच उताणा करून मल्लाप्पाच्या पोटाशी ठेवला. थोटा हात फोटोच्या काळ्या पडद्याखाली. डावा हात कॅमेऱ्याखाली धरला की टीव्हीत दोन हात दिसायचे, डावा आणि उजवा, दोन्ही हलणारे. पहिल्या दिवशी मशीन चालू केलं तर आधीच्या लग्नाची चौकट तशीच राहिलेली, म्हणजे दोन्ही हात बदामाच्या आकारात आणि कडेनं गुलाब. मल्लाप्पा म्हणाला, "माझं लगीन लावतोस व्हय रं?" ती काढली. मग बारीक डोळे करून म्हणाला, "ह्यो माझा हात न्हाय. उजव्या हातात घड्याळ कोण बांधतंय?" घड्याळ काढलं. बाई सांगत होत्या, "सावकाश मूठ उघडा, सावकाश मिटा." हा करत होता. टीव्हीतली मूठ उघडत होती आणि आतली उघडत नव्हती. तिसऱ्या दिवशी तर जास्त दुखायला लागलं. बाई म्हणाल्या, थांबू या. मी म्हटलं, झालं, माझी अक्कल संपली.

चौथ्या दिवशी त्यालाच सुचलं. "बाळू," म्हणाला, "मी जल्मात कधी उगंच मूठ उघडली न्हाय, मिटली न्हाय. हाताला काम द्या की." घरातून परात आणली, त्यात माठातलं गार पाणी. शेजारी वाटीत गुळाचा पातळ पाक. त्यानं डावा हात उचलला. टीव्हीत दोन्ही हात उचलले. पाण्याजवळ गेल्यावर क्षणभर थांबला, बोटं पसरली, जशी गुळव्या पसरतो तशी, आणि हात पाण्यात घातला.

"गार!" एवढ्या मोठ्यानं ओरडला की बाहेर फोटोला आलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं. "बाळू, गार लागलं! उजव्याला गार लागलं रं!" आणि मग पाक उचलणं, परत पाणी, गोळी फिरवणं... चेहऱ्यावरून घाम ओघळतोय आणि हसतोय. "उघडली. आईशपथ, उघडली मूठ." पाच वर्षं जो माणूस माझ्यासमोर रडला नव्हता तो टेबलावर डोकं ठेवून रडला. बाई रडल्या. मी बाहेर जाऊन त्या गिऱ्हाइकावरच खेकसलो, कारण मला दुसरं काही सुचेना. आयुष्यात हजारभर लग्नं शूट केली, पण माझ्या मशीननं असं काम कधी केलं नव्हतं. फार अभिमान वाटला. तो अभिमानच पुढं नडला, असं आता वाटतं.

मग रोज संध्याकाळी पाच वाजता तो यायचा. पंधरा मिनिटं हात, आणि नंतर तासभर गप्पा. गावाकडच्या, गुऱ्हाळाच्या, पेठेतल्या फुटबॉलच्या. मधेच कानडी-मराठी मिसळून मला शिव्या द्यायचा. दुखणं उतरत चाललं होतं. आठवड्यातले दोन दिवस, मग एक दिवस. बाई वहीत लिहून घ्यायच्या. पुढं त्यांना यायला वेळ होईना, म्हणाल्या, आता तुम्ही दोघं करा. आम्ही करत राहिलो. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आणि दिवाळीनंतर काय झालं कुणास ठाऊक, दुखणं पुन्हा सुरू झालं. मी विचारायचो, "आज कसं?" तो म्हणायचा, "हाय की. ठणकतंय." रोज. एक दिवस चुकला नाही. मी मशीनच्या तारा बदलल्या, टीव्ही बदलला, पाण्यात बर्फ घालून बघितला. काही फरक नाही. जिंकलेली कुस्ती कुणीतरी हरली म्हणून जाहीर करावी तसं मला वाटायला लागलं.

एप्रिल-मे म्हणजे आमचा लग्नांचा मोसम. कॅसेटींचे ढीग, लोकांचे फोन, झोप नाही. आणि बरोबर पाचला हा दारात. एके दिवशी एका नवरदेवाचा बाप माझ्या नावानं ओरडून गेला होता, त्याच तावात मी मल्लाप्पाला म्हणालो, "तुझं हे जल्मात बरं व्हायचं न्हाय. मशीन काय तुझ्या हातासाठीच घेतलंय काय मी? पेटी आण बाईंकडनं आणि घरात बस आरसा लावून." तो उठला. परातीतलं पाणी बाहेर ओतून आला, परात पुसून भिंतीला लावली, चप्पल घातली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मोसम संपल्यावर जाऊ म्हटलं. मोसम संपला, पावसाळा आला, गणपती आले. यार्डाच्या रस्त्यावर दोनदा भेटला. "कसं हाय?" "बरं हाय. तू म्हणलास तसं आरसा लावतो." मी "ये की दुकानात" म्हणालो, पण गाडी बंद न करता. तोही "येतो" म्हणाला. न येण्याचं आम्ही दोघांनी मिळून ठरवल्यासारखं झालं. आणि मग सुनंदाचा फोन.

त्यानंतर महिन्याभरानं मी बाईंच्या दवाखान्यात गेलो. त्यांना कळवायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी एकटे पडले होते का हो?" मी म्हटलं, दुखण्यानं खाल्लं त्याला. आपलं मशीन शेवटी हरलंच. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आपण काहीतरी वेडंवाकडं बोललो. म्हणाल्या, "दुखणं? त्यांचं दुखणं दिवाळीच्या आधीच संपलं. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो एकटाच त्यांच्याकडं गेला होता. सांगितलं, चार दिवस झाले, मूठ गेली आणि हातही गेला. कोपराच्या खाली आता काहीच नाही. बाई म्हणाल्या, अहो, हेच तर आपल्याला हवं होतं! कधी कधी होतं असं, मेंदूची समजूत पटते आणि तो हात सोडून देतो. तर हा रडायला लागला. म्हणाला, "दुखत हुता तवर माझा हुता. आता मी खरा थोटा झालो." बाईंनी समजूत घातली, म्हणाल्या, आता दुकानात जायची गरज नाही. त्यावर म्हणाला, "बाळूला सांगू नका. बरं वाटतंय म्हटल्यावर त्यो मला कशाला बसवून घील?"

मी बाईंशी भांडलो. म्हटलं, शक्य नाही, मे महिन्यापर्यंत तो माझ्यासमोर कळवळत होता. माणूस सहा-सात महिने रोज खोटं कण्हील काय? घरी येताना मी मनातल्या मनात मल्लाप्पाशीही भांडलो. अरे गाढवा, नुसता येऊन बसला असतास तर मी काय हाकललं असतं काय? पण हे म्हणताना माझाच आवाज मला खोटा वाटला. लग्नाच्या मोसमात नुसतं बसायला आलेल्या माणसांना मी काय बोलतो, ते सगळ्या पेठेला माहीत आहे.

परवा जुन्या कॅसेटी पुसून वापरायला काढल्या, त्यात एकीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. लावली, तर टीव्हीत दोन हात. कधीतरी मशीन चालू असताना माझ्याकडून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं असणार. माझ्याकडं मल्लाप्पाचं एवढंच शूटिंग आहे, हे त्याच वेळी ध्यानात आलं. सगळ्या कोल्हापूरची लग्नं, मुंजी, बारशी माझ्याकडं आहेत, आणि ज्याच्याशी रोज बोललो त्याचा साधा एक फोटो नाही; कॅलेंडरचे होते ते निगेटिव्हसकट व्यापाऱ्यानं नेले. टेपवर मागं पोरांचा दंगा ऐकू येतो, रंग उडवल्याची आरडाओरड, म्हणजे रंगपंचमीचा दिवस. दिवाळी होऊन चार-पाच महिने झालेले.

हात पाण्यात जातायत, गोळी फिरवतायत. मल्लाप्पा कण्हतोय, मी "हळू, हळू" म्हणतोय. मग बाहेरून कुणीतरी हाक मारतं, पासपोर्ट फोटो पाहिजेत म्हणून, आणि मी उठून जातो. माझ्या चपलांचा आवाज लांब जातो, आणि कण्हणं थांबतं. एकदम, नळ बंद करावा तसं. हात पाण्यातून बाहेर येतो, धोतराला पुसला जातो. मग टेबलावर पसरलेल्या माझ्या कॅसेटी तो एकावर एक रचायला लागतो, सावकाश, कडा जुळवून. टीव्हीत दोन्ही हातांनी. माझं टेबल इतकं नीट कसं असतं, असं बायको त्या दिवसांत मला विचारायची. मी म्हणायचो, मीच आवरतो. रचून झाल्यावर तो वाकतो आणि मान वळवून वर कॅमेऱ्याकडं बघतो. मिरर इफेक्टमुळं दोन मल्लाप्पा शेजारी शेजारी, आणि खोलीत दुसरं कुणी नाही. चेहऱ्यावर दुखणं नाही. वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा. पाच मिनिटं, सहा मिनिटं... मी घड्याळ लावून मोजली.

मग चपलांचा आवाज जवळ येतो. तो घाईनं सरळ बसतो, हात पाण्यात घालतो आणि म्हणतो, "आई गं..." मला हसू आलं. इतकं वाईट सोंग, आणि मला कळलं नाही! हसता हसता मी लहान पोरासारखा रडलो. टेपवर मी विचारतो, "काय रं, अजून ठणकतंय?" तो म्हणतो, "हाय की." थोडा वेळ पाण्याचा आवाज. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणतो, "उद्या येऊ न्हवं?"

मी आवाज पूर्ण मोठा करून परत परत ऐकलं. खुर्ची सरकवल्याचा आवाज आहे, कॅसेट उचलल्याचा आहे, बाहेरच्या पोरांचा आहे. माझं उत्तर नाही. साधं "ये की" म्हणायला किती वेळ लागतो? तो थोडा वेळ थांबतो, आणि मग त्याचाच आवाज येतो, "येतो मग."